पाककृतींच्या पुस्तिकेतले विज्ञान

स्वयंपाकघरातल्या यंत्राबरोबर खोक्यातून येणारी पाककृतींची पुस्तिका समीक्षेसाठी सहसा कोणी हाती घेत नाही. एकदा चाळायची, हमीपत्रावर दुकानदाराचा शिक्का आहे ना ते पाहायचे आणि फडताळात टाकायची, एवढेच तिचे आयुष्य. परंतु शक्तिशाली ब्लेंडर म्हणून जे यंत्र आता शहरी घरांत येऊ लागले आहे, त्याच्या पुस्तिकांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांत हिरव्या स्मूदीपासून गरम सूपपर्यंत कृती असतातच. पण कृतींच्या आधी आणि अधूनमधून विज्ञानाचे परिच्छेद असतात. पेशीभित्तिका, विकरे, घर्षण, अश्वशक्ती, दर मिनिटाला होणारे फेरे, असा सगळा शब्दसंग्रह तेथे भेटतो. आठवी ते बारावीच्या वर्गांत आपण जो शिकवतो, तोच हा.

पालकसभेत एखादी आई विचारते, "सर, फळ चावून खाण्यापेक्षा असे दळून प्यायले तर जास्त पोषण मिळते म्हणतात, खरे का?" हा प्रश्न बहुधा याच परिच्छेदांतून आलेला असतो. परदेशी बनावटीच्या अशा यंत्राची किंमत सहज तीस-चाळीस हजारांच्या पुढे जाते, आणि मुलाच्या डब्यातले फळ जाऊन त्या जागी बाटली येते. तेव्हा या पुस्तिका विज्ञानविषयक लेखन म्हणून वाचायला आणि त्याच कसोटीवर घासायला हरकत नसावी.

या लेखनप्रकाराला इतिहास आहे. भांड्याच्या तळाशी फिरणारे पाते बसवण्याची कल्पना अमेरिकेत स्टीफन पोप्लावस्की यांनी १९२२ च्या सुमारास मांडली, ती माल्टेड मिल्क घुसळण्यासाठी. १९३७ साली फ्रेड वेअरिंग या वाद्यवृंदप्रमुखाने सुधारलेले यंत्र लोकांपुढे आणले. पुढे १९४९ साली व्हायटामिक्स कंपनीचे संस्थापक विल्यम बार्नार्ड यांनी दूरचित्रवाणीवर सलग अर्धा तास प्रात्यक्षिक करून ते विकले. हातांनी भांड्यात पदार्थ टाकायचे आणि तोंडाने आरोग्याची महती सांगायची, अशी ही रीत. पुस्तिका हे तिचेच छापील रूप होय. प्रात्यक्षिकात भांड्यात जे घडते ते डोळ्यांसमोर घडते. शरीरात पुढे काय होते ते मात्र नुसते सांगितले जाते. पाहिलेल्या गोष्टीवरचा विश्वास नकळत सांगितलेल्या गोष्टीवर जाऊन बसतो. (आपल्याकडे १९६३ साली ‘सुमीत’ आला तो ओले-सुके वाटण करण्यासाठी. आरोग्य देण्याची जबाबदारी त्याने अंगावर घेतली नव्हती.)

अश्वशक्तीचा मुद्दा चटकन संपवता येईल. खोक्यावर तीन अश्वशक्ती असे छापलेले असते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे तीन झाल्या २,२३८ वॅट. अमेरिकेतल्या घरातील नेहमीचे मंडल १२० व्होल्ट आणि १५ अँपिअरचे असते. त्यातून जास्तीत जास्त १,८०० वॅट मिळतात. मग उरलेली शक्ती कोठून आली? तर तो आकडा मोटरीच्या क्षणिक शिखराचा असतो, सलग चालण्याचा नव्हे. दहावीच्या वर्गात हे गणित अवश्य द्यावे. शिवाय आपल्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला किती वॅट घेता येतील, हेही विचारावे.

पुस्तिकेत जो दावा सर्वांत चमत्कारिक वाटतो, तो मात्र खरा आहे. शेगडी नाही, तारेचे वेटोळे नाही. थंड भाज्या आणि पाणी भांड्यात घाला, यंत्र सहा मिनिटे चालवा, वाफाळते सूप तयार! अनेकांना ही थाप वाटते. आपण हिशेब करून पाहू. एक लिटर सूप २५ अंशांवरून ७५ अंशांवर न्यायचे, तर १,००० ग्रॅम गुणिले ५० अंश गुणिले ४.२, म्हणजे २,१०,००० ज्यूल लागतील. सहा मिनिटे म्हणजे ३६० सेकंद. भागाकार केला तर दर सेकंदाला साधारण ५८३ ज्यूल, म्हणजे ५८३ वॅट द्रवापर्यंत पोचले पाहिजेत. विजेचे हजार-बाराशे वॅट घेणाऱ्या मोटरीला हे अशक्य नाही. जेम्स ज्यूल यांनी १८४० च्या दशकात खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवली आणि पाण्याचे तापमान किंचित वाढल्याचे मोजले, तोच हा प्रयोग. त्यांना अंशाच्या काही भागाइतक्या वाढीवर समाधान मानावे लागले. येथे ती पन्नास अंश मिळते. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला यापेक्षा चांगले साधन कोणते मिळणार! पण पुस्तिका ज्यूलचे नाव घेत नाही. पात्यांच्या वेगाने अन्न ‘शिजते’ एवढे सांगून ती पुढे जाते. खरे वैज्ञानिक वैभव हाती असताना त्याची जादू करून टाकायची, याला काय म्हणावे?

घरच्या मिक्सरवर याचा छोटा प्रयोग करता येतो. भांड्यात अर्धा लिटर पाणी घ्या, तापमान मोजा, झाकण लावून एक मिनिट मिक्सर चालवा, बंद करून पिन काढा आणि मगच तापमापी आत सोडा. ५०० वॅटच्या मोटरीची सगळी ऊर्जा पाण्यात उतरली असती तर तापमान १४ अंशांनी वाढायला हवे होते. प्रत्यक्षात वाढ कमी येईल. नुसते पाणी घुसळताना मोटर पूर्ण शक्ती घेत नाही. घेतलेल्यातलीही काही मोटरच्या गुंडाळ्यांत, काही आवाजात आणि हवेत जाते. किती कमी आली यावर वर्गात चांगली चर्चा होते. घरगुती मिक्सरवर पाच मिनिटे चालू, दोन मिनिटे बंद अशी मर्यादा लिहिलेली असते, ती मात्र पाळावी. सूप करण्याच्या नादात मोटर जाळू नये, आणि उकळता पदार्थ बंद भांड्यात कधीही फिरवू नये. वाफेने झाकण उडते.

आता पुस्तिकांच्या सर्वांत लाडक्या दाव्याकडे येऊ. तो असा: पाती इतक्या वेगाने फिरतात की प्रत्येक पेशीची भित्तिका फुटते, आतली पोषकद्रव्ये मोकळी होतात, आणि हे दातांना जमत नाही. वेग मोठा आहे यात शंका नाही. पात्याची त्रिज्या साडेतीन सेंटिमीटर आणि फेरे मिनिटाला १८,००० धरले, तर टोकाचा वेग सेकंदाला ६६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २३८ किलोमीटर येतो. हा अर्थात रिकाम्या भांड्यातला. गाजरे घातल्यावर तो बराच उतरतो. पण वेग मोठा म्हणून प्रत्येक पेशी फुटते, हे अनुमान कोठून आले?

जीवशास्त्राच्या इतिहासातला मिक्सरचा सर्वांत गाजलेला प्रयोग आपण बारावीला शिकवतो. आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी १९५२ साली किरणोत्सारी गंधक आणि फॉस्फरस वापरून, जीवाणूंच्या आत शिरतो तो विषाणूचा डीएनए, प्रथिन नव्हे, हे दाखवले. जीवाणूंना बाहेरून चिकटलेली विषाणूंची रिकामी कवचे झटकून काढण्यासाठी त्यांनी वापरला तो ब्लेंडरच. आता विचार करा. त्या भांड्यात जीवाणूंच्या पेशी फुटल्या असत्या तर आतला डीएनए द्रवात मिसळला असता आणि प्रयोगाला काही अर्थच उरला नसता. प्रयोग यशस्वी झाला, कारण कवचे सुटली आणि पेशी शाबूत राहिल्या! पालकाच्या पानांतून हरितलवके अखंड वेगळी काढायची असतात तेव्हाही प्रयोगशाळेत पाने थंड द्रावणात काही सेकंद ब्लेंडरमध्येच फिरवतात. पान फाटते, पेशी फुटतात, पण पाच-सहा मायक्रोमीटरची हरितलवके पुष्कळ संख्येने वाचतात.

कारण आकारमानात आहे. पात्याची धार प्रत्यक्ष फार थोड्या कणांना लागते. बाकीची मोडतोड होते ती द्रवाच्या शेजारशेजारच्या थरांतल्या वेगाच्या फरकाने. वस्तू जितकी लहान, तितका तिच्या दोन टोकांमधला हा फरक कमी, आणि ती प्रवाहाबरोबर सुखरूप वाहत जाते. पुरात ओंडका मोडतो, भाताचा दाणा मोडत नाही, तसेच. फळाच्या गरातली पेशी साधारण ५० ते ३०० मायक्रोमीटरची, म्हणजे जीवाणूच्या शंभरपट. त्यामुळे पुष्कळ पेशी फुटतात हे खरे. ‘प्रत्येक’ हा शब्द मात्र जाहिरातीचा आहे. जिभेला कण लागेनासे झाले म्हणजे पेशी उरल्या नाहीत, असे होत नाही.

पेशी फुटणार की नाही हे यंत्राच्या ताकदीइतकेच अन्नाच्या अवस्थेवर अवलंबून असते, आणि याचा मला पुस्तिकांत मागमूस आढळला नाही. कच्चे गाजर दळले तर चीर पेशींच्या आरपार जाते. शिजवलेल्या गाजरात दोन पेशींना चिकटवून ठेवणारे पेक्टिन विरघळते, त्यामुळे दळताना पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, पण अखंड राहतात. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक दिसतो. दोन्ही वाटणांचा एकेक थेंब पातळ करून काचपट्टीवर घ्या. हरभऱ्याच्या डाळीवर हाच प्रयोग आणखी रंगतो. शिजवून पुरणयंत्रातून काढलेल्या डाळीच्या (गूळ घालण्यापूर्वीच्या) थेंबात आयोडीन टाकले तर गोल पेशी आणि त्यांच्या पोटात कोंडलेले निळे पिष्ट दिसते. कच्च्या बेसनात पेशी फुटून पिष्टाचे कण बाहेर पडलेले आढळतात. डाळ एकच, पण पेशीत कोंडलेले पिष्ट पचायला अधिक वेळ लागतो. पोषणमूल्यांचे तक्ते या दोहोंत भेद करीत नाहीत.

माझा मुख्य आक्षेप येथे आहे. पुस्तिका अन्नाकडे पदार्थांची यादी म्हणून पाहते: इतके जीवनसत्त्व, इतके लोह, इतका चोथा. यादीतले काही भांड्यात कमी होत नाही, मग फळ खाल्ले काय आणि प्यायले काय, उलट प्यायलेले अधिक बरे, असा तिचा युक्तिवाद. पण सफरचंद ही यादी नाही, रचना आहे. आणि ब्लेंडर नेमकी रचनाच मोडतो. कधी ती मोडणे फायद्याचे असते. अखंड जवस बहुतांशी तसाच शरीराबाहेर पडतो, कुटलेला अंगी लागतो. चटणीसाठी जवस भाजून कुटणाऱ्या बायकांना हे कोणी शिकवावे लागले नाही. गाजर-पालकातले बीटा-कॅरोटीन बारीक केल्याने आणि शिजवल्याने अधिक शोषले जाते, मात्र सोबत थोडे तेल किंवा तूप हवे. पुस्तिकांतल्या कित्येक हिरव्या स्मूदींत स्निग्ध पदार्थाचा थेंबही नसतो.

आणि कधी रचना मोडणे तोट्याचे ठरते. १९७७ साली ‘लॅन्सेट’मध्ये हेबर, हीटन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दहा निरोगी व्यक्तींना वेगवेगळ्या वेळी सफरचंदे, सफरचंदाचा लगदा आणि रस दिला. तिन्हींत पचणारी कर्बोदके प्रत्येकी ६० ग्रॅम. रस सफरचंदांच्या अकरापट आणि लगद्याच्या चौपट वेगाने संपला. लगद्यात चोथा सगळा होता, तरीही अखंड फळाइतके पोट भरल्यासारखे वाटले नाही. रक्तातील ग्लुकोज तिन्ही वेळा सारखेच चढले, पण लगदा आणि रस घेतल्यावर इन्शुलिन अधिक वाढले. रसानंतर ग्लुकोज पुढे खाली घसरले, लगद्यानंतर थोडे कमी घसरले, आणि अखंड फळानंतर अशी घसरण दिसलीच नाही. चोथा तोच, साखर तीच, बदलली फक्त बांधणी. २००९ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातही असाच प्रयोग झाला. जेवणाआधी अखंड सफरचंद खाल्लेल्यांनी, काहीच न घेता जेवले त्यापेक्षा १५ टक्के कमी ऊर्जेचे जेवण घेतले; लगदा किंवा रस घेऊन तेवढा परिणाम झाला नाही. ब्रिटनमध्ये तर स्मूदीतली फळांची साखर आता मुक्त शर्करेतच मोजतात आणि रस व स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरच्या पुढे जाऊ नये असे सांगतात.

म्हणून स्मूदी म्हणजे साखरेचे पाणी, असे काही शिक्षक सांगू लागले आहेत. तेही घाईचे आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना सफरचंद व ब्लॅकबेरी अखंड आणि दळून अशा दोन्ही प्रकारे दिले, तेव्हा दळलेल्या फळांनंतर ग्लुकोज उलट कमी चढले. बारीक बियांचा चुरा होऊन त्यांतला चोथा आणि इतर द्रव्ये मोकळी झाली असावीत, असे संशोधकांचे अनुमान आहे. म्हणजे बियांचे फळ आणि बिनबियांचा गर यांना एक नियम लावता येत नाही. ‘फळे’ असा एकच शब्द वापरून पुस्तिका जी गल्लत करते, तीच तिच्या टीकाकारांनी करू नये.

विकरांबद्दलचे परिच्छेद सर्वांत कच्चे आहेत. कच्च्या फळभाज्यांतली ‘जिवंत’ विकरे स्मूदीतून शरीराला मिळतात आणि पचनाला मदत करतात, असे त्यांत असते. विकरे ही प्रथिने आहेत. जठरातल्या आम्लात आणि पेप्सिनच्या तावडीत बहुतेकांची गत डाळीतल्या प्रथिनांसारखीच होते. पण एक विकर भांड्यातच कामाला लागते, आणि ते आपल्या फायद्याचे नव्हे. कापलेले वांगे, केळे, सफरचंद काळे पडते ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकरामुळे. पेशी शाबूत असताना विकर एका कप्प्यात आणि पॉलिफिनॉल दुसऱ्या कप्प्यात असते. पात्यांनी कप्पे फोडले, वर हवा घुसळून आत घातली, की दोघांची गाठ पडते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्लॅव्हनॉलयुक्त पेयात केळे घातले, तेव्हा शरीरात पोचलेल्या फ्लॅव्हनॉलांची पातळी तुलनेच्या मात्रेपेक्षा ८४ टक्क्यांनी कमी भरली. पुस्तिकेत तर केळे आणि बेरीवर्गीय फळे ही सर्वांत लोकप्रिय जोडी! याने केळे वाईट ठरत नाही. पोटॅशियम आणि पोटभरीसाठी ते खुशाल खावे. पण ‘जिवंत विकरांचा’ महिमा गाणाऱ्या लेखकाने आपल्याच पहिल्या पानावरची कृती तपासायला हवी होती. वर्गासाठी प्रयोग सोपा आहे: केळ्याच्या लगद्याच्या तीन वाट्या, एक तशीच, एकीत लिंबू पिळून, एकीतले केळे आधी वाफवून, अर्ध्या तासाने रंग पाहा.

राहिल्या हिरव्या भाज्या. वाटीभर शिजलेला पालक खाणाऱ्याला भांडेभर कच्चा पालक एका घोटात पिता येतो, ही यंत्राची किमया खरी. पण पालकात ऑक्झलेट भरपूर असते. उकडून पाणी टाकले की त्यातले बरेच निघून जाते; दळल्याने मात्र ते पेल्यातच राहते. हिरव्या स्मूदींचा सपाटा लावल्यावर मूत्रपिंडात ऑक्झलेट साचून ती निकामी झाल्याचे एका रुग्णाचे उदाहरण २०१८ साली वैद्यकीय नियतकालिकात आले आहे. त्या बाईंची आधी पोटाची शस्त्रक्रिया झालेली होती, तेव्हा सरसकट घाबरण्याचे कारण नाही. अळू शिजवताना चिंच घालणाऱ्या घरांतून आलेल्या मुलांना ऑक्झलेटचा विषय समजावणे तसेही अवघड नाही.

दुधीचे प्रकरण याहून गंभीर आहे. दुधी, काकडी या वेलवर्गीय फळांत कधीकधी कुकरबिटॅसिन नावाची अतिशय कडू आणि विषारी द्रव्ये तयार होतात. कडू दुधीच्या रसाने उलट्या, रक्तस्राव आणि मृत्यूही झाल्याच्या घटना भारतात घडल्या. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखून पाहावा, कडू लागला तर दुधी टाकून द्यावा, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. भाजीतला कडू दुधी पहिल्या घासाला कळतो आणि ताट बाजूला सरते. स्मूदीत मात्र त्याच्यावर सफरचंद, आले, मध आणि लिंबू असतो, आणि पेला एका दमात रिकामा करायचा असतो. मी पाहिलेल्या पुस्तिकांत भांडे कसे धुवावे यावर सचित्र पान आहे: कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, तीस सेकंद. दुधीच्या कृतीखाली तुकडा चाखून पाहण्याची ओळ मात्र एकीतही नाही. आपल्या शाळेत आरोग्यदायी पेयांची स्पर्धा किंवा प्रात्यक्षिक असेल, तर ती ओळ फळ्यावर आपणच लिहावी, आणि दुधी चिरताना पहिला तुकडा मुलांच्या हाती न देता आधी स्वतः जिभेला लावून थुंकून टाकावा.